एक्क्याऐंशी लाल ठिपके

रेजिस मालारने रानातून सायकलची वाट आखायचं मनावर घेतलं तेव्हा त्याचा अंदाज साधा होता: दोन दिवस आखणी, दोन दिवस खुणा, एक दिवस उद्घाटन, आणि मग जन्मभर कौतुक. प्रत्यक्षात आठ महिने लागले. कौतुकही झालं. पण ते ज्या तऱ्हेने झालं ते ऐकलंत तर म्हणाल, देवा, दुश्मनाचंही असं कौतुक होऊ देऊ नकोस.

हा माणूस बेझांसों शहराच्या भूमापन कचेरीत छत्तीस वर्षं हद्दी आखून निवृत्त झाला आणि बायकोच्या गावी, रोशमेलला, राहायला आला. सासुरवाडीत कायमचा राहायला आलेल्या जावयाची किंमत काय असते हे वेगळं सांगायला नको. त्यात कचेरीतल्या लोकांनी निरोपाच्या समारंभात त्याला जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल दिलेली. रोशमेलच्या मागे डोंगर आहे, डोंगरावर गावाचं रान आहे, आणि त्या रानात रेजिस चार वर्षांत अकरा वेळा हरवला.

अकराव्या वेळी तो रविवारी, चर्च सुटायच्या वेळेला, वरच्या कुरणातून खाली आला. म्हणजे सायकल खाली आली आणि तिच्यामागोमाग, बसल्या बसल्या, तो आला. सगळं गाव बाहेर उभं होतं. ओदीलचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, मावसभाऊ फिर्मां टोपी काढून म्हणाला, "दाजी, सायकल तुम्ही चालवता की तुम्हाला सायकल? अरे, पाट्या लावा रे कोणीतरी रानात! आमच्या दाजींना घर सापडत नाही!"

लोक पोट धरधरून हसले. एकटे आन्सेल्ममामा हसले नाहीत. हे ओदीलचे सख्खे मामा, एकोणऐंशी वर्षांचे, आणि ते कुरणही त्यांचंच. त्यांनी रेजिसला उठवलं, पाठीवरचा चिखल झटकला आणि म्हणाले, "रान मोठं आहे. चुकतो माणूस."

पण फिर्मांचं बोलणं रेजिसच्या काळजात घुसलं. छत्तीस वर्षं सबंध जिल्ह्याला ज्याने 'तुमची हद्द इथपर्यंत' असं ठणकावून सांगितलं, त्याला घर सापडत नाही? लावतोच पाट्या! त्याने रात्रीत नकाशा काढला: सात किलोमीटर, तीन चढ, एक ओढा, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत, सायकलवर बसून, गावात प्रवेश.

सरपंचबाई सोलांज व्हियार यांनी नकाशा उलटा धरून पाच मिनिटं पाहिला. "सुरेख आहे हो, मालारसाहेब. पण असा अर्ज एका माणसाला करता येत नाही. मंडळ लागतं."

"कसलं मंडळ?"

"नोंदलेलं. दोन माणसं पुरतात. एक अध्यक्ष आणि एक बाकीचं सगळं."

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात रोशमेल डोंगरी सायकल मंडळाच्या स्थापनेची सभा भरली. ओदील कांदे चिरत होती. रेजिसने तिला अध्यक्षपदासाठी सुचवलं, स्वतःच अनुमोदन दिलं आणि मतदान घेतलं. ओदीलने विरोधात मत दिलं. कायद्याप्रमाणे बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक, पण अध्यक्ष अजून निवडून यायचे होते, त्यामुळे मोठाच पेच पडला. "कर बाबा काय करायचं ते," असं ओदील म्हणाली, ते वाक्य इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं नोंदवलं गेलं.

पुढे खुणांचा प्रश्न आला. खांब रोवावेत, तर जमिनीखालून टेलिफोनची तार गेली आहे की नाही याचा दाखला हवा. रानात कसली तार? अहो, नाही तेच लिहून द्यायला माणूस हवा, आणि तो रजेवर. झाडांना पाट्या ठोकाव्यात, तर वनखात्याच्या साहेबांचं पत्र आलं की खिळ्याने झाडाला इजा होते. शिकाऱ्यांच्या संघाने कळवलं की रविवारी आणि गुरुवारी रानडुकरांची शिकार असते, त्या दिवशी कोणी सायकलवरून गेलं तर त्याला डुक्कर समजण्यात येईल आणि त्याला संघ जबाबदार नाही. शेवटी उरला रंग. 'झाडाच्या सालीवर रंगाची खूण करण्यास हरकत नाही,' असा कागद अडीच महिन्यांनी आला तेव्हा रेजिसने तो छातीशी धरला.

आता कुठला रंग? सायकलच्या वाटांना सोपी, मध्यम, अवघड अशा पायऱ्या असतात आणि पायरीप्रमाणे रंग असतो. फिर्मां कुंपणावर रेलून शिकवायला हजरच होता. "हिरवा म्हणजे पोराटोरांचा, दाजी. निळा म्हणजे बायकांचा."

"काय म्हणालास?" ओदील खिडकीतून म्हणाली.

"निळा म्हणजे सभ्य लोकांचा," फिर्मां म्हणाला. "काळा म्हणजे ज्यांनी मृत्युपत्र करून ठेवलंय त्यांचा. तुम्ही लाल घ्या. मर्दाचा रंग!"

रेजिसने लाल घेतला. निळा घेतला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आता रोशमेलच्या लाकूडवाट्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिकडच्या गावांची ही जुनी रीत आहे: रान गावाचं, म्हणून ज्याच्या घरात चूल त्याला रानातल्या सरपणाचा वाटा. पानगळीच्या दिवसांत रानाचे पंच कोणती झाडं तोडायची त्यांवर खूण करतात, टोपीतून चिठ्ठ्या काढून वाटे ठरतात, आणि हिवाळाभर ज्याने त्याने आपल्या वाट्यातली झाडं आपल्या हाताने तोडायची. खुणेचा रंग दरवर्षी बदलतो. त्या वर्षीची सूचना पंचायतीच्या फळ्यावर लागली होती: तोडायची झाडं दोनशे दहा, खूण लाल ठिपका. तिच्या शेजारीच रेजिसचा परवाना लागला होता. दोन्ही कागदांवर सरपंचबाईंची सही, एकाच दिवसाची, एकाच पेनाची. रेजिसने आपला कागद चार वेळा वाचला. शेजारचा कशाला वाचेल? त्याच्या घरी विजेवर चालणारं यंत्र घर गरम करायचं, आणि 'लाकूड जाळणं हे मागासलेपण आहे' यावर त्याने चार वर्षांत अख्ख्या गावाला एकेकदा तरी पिडलं होतं.

तेव्हा नोव्हेंबरात दोन माणसं लाल रंगाचे डबे घेऊन एकाच रानात हिंडत होती. डोंगराच्या पूर्वेकडून आन्सेल्ममामा, एकतीस वर्षांचे रानाचे पंच, दर झाड निरखून, थोपटून, मग ठिपका देणारे. आणि पश्चिमेकडून रेजिस. दोघांची गाठ पडली असती तर बरं झालं असतं, पण मामा सकाळी जायचे आणि रेजिस दुपारच्या डुलकीनंतर.

खूण खरं तर ठिपक्याची नव्हती. नियमाप्रमाणे एक त्रिकोण आणि त्याला लागून दोन वर्तुळं. रेजिसने पत्र्याचा छापाही कापून आणला होता. पहिल्या दिवशी बारा झाडांवर असे नमुनेदार छाप उठले की तो दहा पावलं मागे जाऊन बघत राही. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, छाप्याची भोकं रंगाने बुजली आणि त्रिकोणाचं वांगं व्हायला लागलं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, तेव्हा त्याने त्रिकोणाला रजा दिली. चौथ्या दिवशी दोन वर्तुळांतलं एक गेलं. शहाण्याला एक ठिपका पुरे, असं स्वतःशी म्हणत त्याने उरलेली झाडं उरकली. झाडंही शक्यतो निवडून घेतली, सरळ सोट, जाडजूड, गुळगुळीत सालीची, कारण त्यांवर रंग उठून दिसतो. एकूण एक्क्याऐंशी. हा आकडा त्याने मंडळाच्या वहीत लिहून अध्यक्षांची सही घेतली.

मग त्याने कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधली आणि हिवाळाभर अंथरूण धरलं. डिसेंबरात डोंगरावर करवतींची घरघर सुरू झाली. "ऐकतेस?" तो उशीवरून म्हणायचा, "खेड्यातलं जीवन!" त्या वर्षी घरघर जरा जास्तच होती. फिर्मांची पडवी भरली, मग अंगण भरलं, मग त्याने सरपणाची थप्पी खिडकीपर्यंत चढवली. ओदीलने विचारलं, "यंदा बरंच मिळालं रे?" तर म्हणाला, "छे गं, नेहमीचंच. रचलंय सैल."

आणि कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. प्रत्येकाला आपल्या वाट्याच्या जरा पलीकडे एखादं जादा लाल ठिपक्याचं झाड दिसलं होतं, सरळ सोट. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन! मामा म्हातारे झालेत, चुकले असतील, उगाच बोंबलून दुसऱ्याला कशाला सांगा, असं म्हणून ज्याने त्याने ते गुपचूप आडवं केलं. मग त्याच्या पुढे आणखी एक दिसलं. मग नुसतं 'बघून येऊ' म्हणून लोक आणखी पुढे गेले. अशी अख्खी वाट, ओळीने, गावाच्या पडव्यांत आली.

मार्चअखेर वनखात्याचे साहेब बुडखे मोजायला आले. दोनशे दहाच्या जागी दोनशे सत्त्याऐंशी.

रेजिसला हे ओदीलने जेवताना सांगितलं. सांगताना तिचा घास हातातच राहिला. "साहेबाने मामांना सगळ्यांसमोर विचारलं रे. ते म्हणाले, मी दोनशे दहाच केली. तर लोक म्हणाले, मामा, ठिपका तर प्रत्येक झाडावर होता. मग ते नुसते आपल्या हातांकडे बघत उभे राहिले. सत्त्याहत्तर झाडं, रेजिस! माणूस सत्त्याहत्तर झाडं रंगवतो आणि त्याला आठवत नाही?"

"वय," रेजिस म्हणाला. "वाईट वाटतं." आणि त्याने चीजचा आणखी एक तुकडा घेतला. अगदी मनापासून वाईट वाटून घेतला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी तो आपली वाट तपासायला रानात गेला. पहिलं वळण, बुडखा. दुसरं वळण, बुडखा. ओढ्याजवळ तीन बुडखे. वाट दिसत मात्र होती छान, एवढी लख्ख की आता खुणेची गरजच नव्हती. आभाळापर्यंत मोकळी झाली होती. दोन किलोमीटरवर त्याला एक वाकडंतिकडं, कुचकामी झाड उभं दिसलं, आणि त्याच्यावर त्याचा स्वतःचा लाल ठिपका. तो मटकन एका बुडख्यावर बसला. एक्क्याऐंशीतून सत्त्याहत्तर गेले, चार उरले. वजाबाकी त्याची कधीच चुकत नसे.

खरं म्हणजे त्याच पावली मामांकडे जायला हवं होतं. तो निघालाही. पण उतारावर त्याच्या मनात आलं, आज शुक्रवार, मामांचा मासे आणायचा दिवस. शनिवारी पाहुणे असतील. रविवारी बरं दिसत नाही. सोमवारी तो गेला. वाक्य पाठ करून गेला: "मामा, एक गंमत झाली." पण ते दारात उभे होते, दाढी वाढलेली, आणि त्याला बघून एवढंच म्हणाले, "बरं झालं आलास. मीच येणार होतो." आणि आत जाऊन त्यांनी खुणा करायचा आपला ब्रश आणला, एकतीस वर्षं वापरलेला, मूठ गुळगुळीत झालेला. "हा तुला. भूमापनातला माणूस आहेस, तुझा हात पक्का. माझा आता भरवसा नाही."

गंमत घशातच राहिली. रेजिसने ब्रश घेतला. "आभारी आहे, मामा," म्हणाला. हे 'आभारी आहे' त्याला पुढे कितीतरी दिवस आठवायचं, दात घासताना, बूट घालताना, आणि प्रत्येक वेळी तो एकटाच असून तोंड फिरवायचा.

एप्रिलच्या ग्रामसभेत मामांनी राजीनामा दिला आणि त्यांच्याच सूचनेवरून रानाचे नवे पंच म्हणून रेजिस मालारची नेमणूक झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी हे तुम्ही ऐकलं असेल. इथे चोराला हारही घातला. टाळ्या झाल्या. सर्वांत मोठ्याने फिर्मांने वाजवल्या, कारण घरातल्या घरात पंच असणं त्याला सोयीचं होतं. सरपंचबाई म्हणाल्या, "मालारसाहेब, दोन शब्द बोला." रेजिस उठला. आता सांगावं, इथेच, सगळ्यांपुढे, असं त्याच्या मनात अगदी ओठांपर्यंत आलं. "मी या विश्वासाला पात्र नाही," तो म्हणाला. लोकांना हा विनय फारच आवडला. पुन्हा टाळ्या झाल्या. मामा मागच्या बाकावरून हळूच उठून गेले. त्यानंतर ते कुठे दिसेनात. पत्त्यांच्या अड्ड्यावर नाहीत, पावाच्या गाडीपाशी नाहीत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, रेजिसच्या मनात भर दुपार होती. लाल टोमॅटो बघितला तरी त्याला धस्स व्हायचं. ओदील विचारी, "तुला होतंय तरी काय?" तो म्हणे, "कंबर."

आणि उद्घाटन डोक्यावर आलं. मे महिन्याचा पहिला रविवार आधीच ठरलेला, शहरातल्या सायकल मंडळाचे साठ जण येणार, सरपंचबाई फीत कापणार, पंचायतीत चीज, सॉसेज आणि वाइन. रद्द करायला कारण द्यावं लागलं असतं. रेजिसने चुन्याने जमिनीवर बाण काढायचं ठरवलं आणि शनिवारी दिवसभर खपून काढलेही. शनिवारी संध्याकाळी पाऊस पडला.

रविवारी सकाळी साठ सायकली गावातून सुटल्या. "खुणा कुठल्या?" त्यांच्या पुढाऱ्याने, एका उंच बाईने, जाता जाता विचारलं. रेजिस काही बोलायच्या आतच मंडळाच्या पत्रकावरून तिने वाचलं: "लाल. ठीक." आणि ती चौकात थांबून लाल खूण शोधू लागली.

तिला ती सापडली. फिर्मांच्या पडवीत, छातीएवढ्या उंचीवर, ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला. पहिल्या दिवसाच्या बारांतला ओंडका असणार, कारण त्रिकोण आणि दोन वर्तुळं, सगळं जसंच्या तसं होतं. "इकडून!" ती ओरडली. साठ माणसं फिर्मांच्या अंगणात शिरली. कोंबड्या उडाल्या. फिर्मां वाटीत कॉफी घेऊन दारात आला तेव्हा त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून सायकलींची रांग चालली होती, कारण थप्पीच्या टोकाला आणखी एक ठिपका होता आणि तो कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या ठिपक्याकडे बोट दाखवत होता. तिथून शेजाऱ्याची पडवी. तिथून पाववाल्याचं अंगण. "अवघड आहे, पण मजेदार आहे!" असं कोणीतरी ओरडलं. शेवटचा ठिपका गावाच्या टोकाला, एका नव्या ताडपत्रीखालून डोकावत होता. पुढारीणबाईंनी ताडपत्री उचलली. आत चांगला दोन माणसं उंच ढीग होता, आणि ते घर सरपंचबाईंचं होतं.

फीत कापायला कात्री घेऊन निघालेल्या सरपंचबाई आपल्याच फाटकात उभ्या राहिल्या. त्यांनी ठिपक्याकडे बघितलं. मग गावाकडे बघितलं, कारण तोवर सगळं गाव सायकलींच्या मागे धावत तिथे आलं होतं. आणि मग सगळ्यांनी मिळून रेजिसकडे बघितलं. धरणी दुभंगेल तर बरं, असं माणसाला वाटतं ते याच वेळी.

पाहुण्यांना वाइन देऊन, गोड बोलून वाटेला लावलं. मग पंचायतीचं दार आतून लागलं. रेजिसला वाटलं होतं शिव्या बसतील. पण जो तो आपल्या बुटांकडे बघत होता, कारण झाड रंगवलं एकाने असलं तरी करवत ज्याची त्याची होती.

शेवटी सरपंचबाईंनी घसा साफ केला. "हे बघा. साहेबांकडे नोंद झालेली आहे. मामांची चूक, असं कारण दिलेलं आहे. ते बदलायचं म्हणजे प्रत्येक पडवीत पंचनामा होणार."

"माझ्याकडे तर फक्त आठ झाडं," फिर्मां म्हणाला.

"मी म्हणते, झालं ते झालं. मामांचं वय झालंच आहे. आज ना उद्या ते हे काम सोडणारच होते."

"त्यांना आता वाईट वाटायचं ते वाटून झालंय," फिर्मां म्हणाला. तो मामांचा सख्खा भाचा. "दाजी, तुम्ही काही बोलू नका, आम्ही काही बोलत नाही. आळीमिळी गुपचिळी."

रेजिसला सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं; लपवून काय उपयोग? क्षणभरच, पण गार वारा लागावा तसं वाटलं. मग त्याने मान वर केली. समोर ओदील बसली होती आणि ती काही बुटांकडे बघत नव्हती.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

रेजिसने नुसतं तिच्याकडे बघितलं. नवरा-बायकोत बोलावं लागत नाही, हे लग्नाचं सर्वांत मोठं संकट आहे.

ओदील उठली. पर्स घेतली. "या मंडळाची अध्यक्ष मी आहे. वहीत माझी सही आहे. आता तू जातोस की मी जाऊ?"

तो गेला. मामांच्या फाटकापाशी पोचल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की बिझू भुंकली नव्हती. मामांची कुत्री, गेली चार वर्षं याच जागी रेजिसच्या पोटऱ्या धरायची. खोपटं रिकामं होतं.

मामा टेबलाशी बसले होते. रेजिसने टोपी काढली आणि पाठ केलेली सगळी वाक्यं विसरून म्हणाला, "मामा, ते ठिपके माझे होते."

"कुठले?"

"ती सत्त्याहत्तर झाडं. तुम्ही नाही रंगवलीत. मी रंगवली. सायकलच्या वाटेच्या खुणा होत्या त्या. लाल."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे मी दोनशे दहाच केली होती?"

"दोनशे दहाच."

"एकही जास्त नाही?"

"एकही नाही, मामा."

रेजिस थप्पड खायच्या तयारीने आला होता. गालफड घट्ट करून उभा होता. मामा खुर्ची सारून उठले, जवळ आले आणि त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून या गालावर एक, त्या गालावर एक अशा पाप्या घेतल्या. त्यांचे गाल ओले होते. "डोकं ठिकाणावर आहे माझं!" ते म्हणाले, आणि हसायला लागले. "अरे, बस, बस! ठिकाणावर आहे!"

त्यांनी कपाटातून आलुबुखाराच्या ब्रँडीची बाटली काढली, घरी गाळलेली, फक्त लग्नाला आणि मयताला निघणारी. दोन पेले भरले. आणि बोलत सुटले. तीन वेळा ते कोणाला न सांगता बसने मोठ्या इस्पितळात जाऊन आले होते. तिथली मुलगी म्हणे, आजोबा, आठवण तपासायचीय, कागदावर घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटांचं. "तिन्ही वेळा बरोबर काढलं मी! डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. पण मी म्हटलं, याला काय माहीत, याने माझी झाडं कुठे बघितलीत? रात्री गॅस बंद केला का बघायला चार-चार वेळा उठायचो. मग बिझूची काळजी. मी मरेन ते मरेन, पण तिला खायला घालायचं विसरलो तर? दिली तिला पलीकडच्या खोऱ्यात, माझ्या मेव्हणीकडे. गाडीत चढेना. उचलून घालावी लागली." त्यांनी डोळे पुसले. "उद्याच जाऊन घेऊन येतो. तू मोठ्या मनाचा आहेस, रेजिस. दुसरा कोणी सांगायला आला नसता. घे, पी."

रेजिसने पेला हातात घेतला. तो ओठांपर्यंत नेववेना.

"आणि तुला कधी कळलं रे हे?" मामांनी विचारलं. "आजच सकाळी ना? त्या सायकलींच्या वेळी? आरडाओरडा ऐकू येत होता इथवर."

उत्तर मामांनी स्वतःच हातात आणून ठेवलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. गावात कोणी बोललं नसतं. गावाने तशी शपथच घेतली होती. मामांनी आणखी एकदा पाठ थोपटली असती.

"पाच आठवडे झाले," रेजिस म्हणाला.

मामांचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि त्याच्या मागे ते मोजत होते, हे दिसत होतं.

"मी तुला ब्रश दिला तेव्हा?"

"माहीत होतं."

"ग्रामसभेत?"

"माहीत होतं."

"बिझूला देऊन तीन आठवडे झाले," मामा म्हणाले.

रेजिसला कुठे बघावं कळेना. बाहेर खोपटं होतं, समोर मामा होते. त्याने टेबलाकडे बघितलं. त्याला रडू आलं, आणि आपण रडलो तर मामांना आपलीच समजूत काढावी लागेल, या विचाराने ते त्याने गिळलं. पाच आठवड्यांत केलेली ही त्याची एकमेव बरी गोष्ट.

मामा उठले. त्यांनी त्याच्या हातातून पेला काढून घेतला, रागाने नाही, जेवण झालेल्याचं ताट उचलतात तसा. बाटलीचं बूच काढलं. तिचं तोंड चांगलंच अरुंद होतं. पेला कलता करून त्यांनी सगळी ब्रँडी, सावकाश, परत बाटलीत ओतली. एक थेंबही बाहेर सांडला नाही.